पूर्ण सुट्टी की परदेशी क्लब? दमलेल्या रग्बीपटूपुढचे पर्याय

दहा-बारा मोसम व्यावसायिक रग्बी खेळलेल्या माणसाचं खांदा-गुडघा दुखणं सगळ्यांना दिसतं, डोक्याचा शीण दिसत नाही. सामना संपला की व्हिडिओसमोर बसून स्वतःच्या चुका बघायच्या, लाइनआउटचे, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू परत आत फेकतानाचे, नवे सांकेतिक कॉल पाठ करायचे, संघ जाहीर होईपर्यंत जीव टांगणीला. कर्णधार असेल तर पंचांची मनधरणी वेगळीच. हा शीण पायांतही उतरतो. २००९ च्या एका प्रयोगात दीड तास डोकं शिणवून मग सायकलवर बसवलेले लोक एरवीपेक्षा लवकर थांबले, हृदयाच्या आणि स्नायूंच्या मोजमापांत मात्र तसा फरक नव्हता.

न्यूझीलंडच्या काही ज्येष्ठ खेळाडूंना करारातच 'सबॅटिकल', म्हणजे काही महिन्यांची ठरलेली सुट्टी, मिळते. ती घालवायच्या दोन तऱ्हा आहेत.

पहिली रिची मॅकॉची. २०११ चा विश्वचषक पायाचं हाड मोडलेलं असताना खेळलेला हा कर्णधार २०१३ चे पहिले सहा महिने रग्बीपासून लांब राहिला. सुपर रग्बी या प्रादेशिक संघांच्या लीगचा बहुतेक मोसम गेला, फ्रान्सविरुद्धची जूनमधली मालिका गेली, त्याची सात नंबरची जर्सी तरुण सॅम केनच्या अंगावर दिसली. जागा जाण्याची ही भीती खरी आहे, आणि बहुतेक जण तिथेच कच खातात. ऑगस्टमध्ये मॅकॉ ऑल ब्लॅक्समध्ये, म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघात, परतला; २०१५ मध्ये ३४ व्या वर्षी कर्णधार म्हणून पुन्हा विश्वचषक जिंकला. ऑस्ट्रेलियाचा डेव्हिड पोकॉक २०१७ मध्ये एकही कसोटी (रग्बीत देशादेशांतला सामना) खेळला नाही, काही काळ झिंबाब्वेत जाऊन राहिला, आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियन रग्बीचं सर्वोच्च जॉन ईल्स पदक घेऊन गेला.

दुसरी तऱ्हा म्हणजे सुट्टीत दुसरीकडे खेळणं. पैसा उत्तम, नवं गाव, नवी भाषा. ब्रॉडी रेटॅलिक २०१९ च्या विश्वचषकानंतर जपानात कोबेला गेला, २०२१ मध्ये परतून पुन्हा ऑल ब्लॅक्सकडून खेळला. पण डॅन कार्टर याच वाटेने फ्रान्सला पर्पिन्यांकडे गेला आणि २००९ च्या सुरुवातीलाच, जेमतेम पाच सामन्यांत, टाचेमागची अकिलीस शीर तुटली. क्लब त्या वर्षी फ्रेंच विजेता झाला, हा मात्र उपचार घेत बसला. विश्रांती घ्यायला निघालेल्या माणसाने टॉप १४ या फ्रेंच लीगमध्ये खेळावं हे मला तरी पटत नाही.

ओवेन फॅरेलने नोव्हेंबर २०२३ मध्ये तिसरा मार्ग धरला: स्वतःच्या आणि कुटुंबाच्या मानसिक स्वास्थ्यासाठी इंग्लंडकडून थांबला, सॅरसन्स या आपल्या क्लबकडून खेळत राहिला. प्रवास आणि गाजावाजा कमी होतो, दर आठवड्याचा जाच तसाच राहतो.

निर्णय लांबवला की तो चुकीच्या वेळी आपणहून येतो. ऑगस्ट २०२२ मध्ये मेन्डोझात अर्जेंटिनाविरुद्धच्या कसोटीच्या तोंडावर ऑस्ट्रेलियाचा कर्णधार मायकेल हूपर आपली मनःस्थिती ठीक नाही असं सांगून घरी परतला. प्रामाणिकपणा मोठा, पण संघाने ऐनवेळी नवा कर्णधार शोधला.

माझं मत असं: खेळायची इच्छा शाबूत आहे, फक्त कसोट्यांचा मारा नको झालाय, तर जपान. सरावाचं नावही नकोसं होत असेल, तर मॅकॉची वाट, तीही विश्वचषकाच्या दोन वर्षं आधी. शेवटच्या वर्षी कोणी सोडणार नाही. ही अट नवा करार करतानाच लिहून घ्यावी, आणि त्यातच हेही घालावं की त्या महिन्यांत प्रशिक्षकांकडून सामन्यांचे व्हिडिओ फोनवर येणार नाहीत.