ओर्स्टेडच्या नेट झीरोचा जमाखर्च

ऊर्जा कंपनीचा नेट झीरोचा, म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचा, संकल्प वाचताना मी मुदतीच्या सालाकडे नंतर पाहतो. कंपनीने स्वतःचे काय बंद केले, हे आधी शोधतो. या प्रश्नाला डेन्मार्कच्या ओर्स्टेड कंपनीइतके ठोस उत्तर देऊ शकणाऱ्या कंपन्या फार थोड्या आहेत, म्हणून तिच्या कार्यक्रमाचे हे परीक्षण. २०१७ पर्यंत ही कंपनी डाँग एनर्जी म्हणून ओळखली जात होती आणि त्या नावाच्या आद्याक्षरांत ‘डॅनिश तेल आणि नैसर्गिक वायू’ दडलेले होते.

वीज आणि उष्णता यांचे सुमारे ८५ टक्के उत्पादन जीवाश्म इंधनांवर होत असताना, २००९ मध्ये कंपनीने हे प्रमाण नेमके उलटे करण्याचे जाहीर केले. त्यासाठी घेतलेली मुदत २०४० ची होती. लक्ष्य २०१९ मध्येच गाठले गेले. जर्मनीत लुबमिन येथे उभारायचे ठरलेले कोळशाचे वीज केंद्रही स्थानिक विरोधानंतर २००९ च्या अखेरीस तिने सोडून दिले. समुद्रातील पवनऊर्जेचा वारसा मात्र तिच्याकडे आधीपासून होता. लोलान बेटाजवळच्या विंडेबी येथे १९९१ मध्ये उभ्या राहिलेल्या, जगातील अशा पहिल्या प्रकल्पात प्रत्येकी ४५० किलोवॅटच्या ११ पवनचक्क्या होत्या, म्हणजे सगळ्या मिळून ५ मेगावॅटही भरत नव्हत्या. इंग्लंडच्या किनाऱ्यापासून ८९ किलोमीटरवर असलेल्या हॉर्नसी-२ मधील एकच पवनचक्की ८ मेगावॅटची आहे, आणि तिथे तशा १६५ आहेत.

कोळशाच्या बाबतीत कंपनीला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही. २०२३ पर्यंत कोळसा सोडण्याचे तिचे वेळापत्रक २०२२ च्या इंधन संकटात बिघडले, कारण काही संच चालू ठेवण्याचा आदेश खुद्द डॅनिश सरकारने दिला. त्या आदेशाची मुदत २०२४ च्या मध्यावर संपली आणि ऑगस्टअखेरीस एस्ब्येर्ग येथील शेवटचे कोळसा केंद्र बंद झाले.

खरी गुंतागुंत कोळशाच्या जागी आलेल्या लाकडात आहे. स्टुडस्ट्रुप, आवेडोर यांसारख्या केंद्रांच्या भट्ट्यांत आता लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या जळतात, काही ठिकाणी गव्हाचे काड आणि लाकडाचे तुकडेही. लाकूड जळले की कार्बन डायऑक्साइड धुरांड्यातून बाहेर पडतोच. तो ‘शून्य’ ठरतो तो हिशेबाच्या पद्धतीमुळे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्याची नोंद झाड तोडले गेले त्या जमिनीच्या खात्यात होते, वीज केंद्राच्या खात्यात नाही, आणि कंपन्यांच्या अहवालांत तो मुख्य बेरजेबाहेर वेगळ्या ओळीत दाखवला जातो. यात लपवाछपवी नाही. तरीही २००६ च्या तुलनेत प्रति युनिट उत्सर्जनात २०२५ पर्यंत ९८ टक्के घट करण्याचे जे लक्ष्य कंपनी अभिमानाने सांगते, ते वाचताना ही बेरजेबाहेरची ओळ नजरेआड करता येत नाही. करवतीच्या गिरणीतला भुसा, जो एरवी कुजलाच असता, आणि गोळ्यांसाठी मुद्दाम तोडलेले झाड, ज्याच्या जागी नवे वाढायला काही दशके लागतील, या दोन्हींना एकच शून्य मिळते. एखाद्याने उसनवारी फेडण्याआधीच ती वहीतून खोडावी, तसे हे मला वाटते.

तेल आणि वायू उत्खननाचा व्यवसाय २०१७ मध्ये इनियोस या कंपनीला विकण्यात आला. विकणाऱ्याचे खाते त्यामुळे स्वच्छ झाले, पण विहिरी काही बुजल्या नाहीत. म्हणून या घटीचे श्रेय मी कोळशाच्या घटीइतके देणार नाही.

कंपनी ग्राहकांना जो वायू विकते, त्याचा प्रश्न तर अजून शिल्लक आहे. ग्राहकाने जाळलेल्या वायूचे उत्सर्जन स्कोप ३ मध्ये, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या यंत्रांबाहेर घडणाऱ्या उत्सर्जनात मोजले जाते, आणि तिथे २०१८ च्या तुलनेत २०४० पर्यंत ९० टक्के घट करण्याचे लक्ष्य आहे. रुबलमध्ये पैसे द्यायला नकार दिल्यामुळे जून २०२२ मध्ये गाझप्रॉम या रशियन वायू कंपनीने ओर्स्टेडचा पुरवठा थांबवला, यावरून हा व्यापार किती जुन्या, दीर्घ मुदतीच्या करारांत अडकलेला होता याची कल्पना येते. चांगली बाजू अशी की २०४० चे हे लक्ष्य तिन्ही स्कोपना (स्वतःचे उत्सर्जन, विकत घेतलेल्या ऊर्जेचे आणि बाहेर घडणारे) धरून आहे आणि विज्ञानाधारित लक्ष्ये तपासणाऱ्या एसबीटीआय या संस्थेने २०२१ मध्ये ते तपासून मान्य केले आहे.

पैशाच्या बाजूबद्दल थोडक्यात. अमेरिकेत न्यू जर्सीजवळचे दोन पवनऊर्जा प्रकल्प सोडून देण्याची वेळ आली, २०२३ च्या तिसऱ्या तिमाहीत २८.४ अब्ज डॅनिश क्रोनरचे मूल्य ताळेबंदातून उतरवावे लागले, २०३० साठीचे ५० गिगावॅटचे उद्दिष्ट २०२४ मध्ये ३५ ते ३८ वर आले आणि २०२५ मध्ये भागधारकांकडून ६० अब्ज क्रोनर उभारावे लागले. या सगळ्यात उत्सर्जनाची लक्ष्ये कंपनीने सोडली नाहीत, हे मला महत्त्वाचे वाटते.

पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा लाकडाच्या शून्यासाठी कापला आहे आणि अर्धा वायूच्या व्यापारासाठी. लाकूड आणि काड जाळणाऱ्या दोन केंद्रांतून वर्षाला सुमारे ४ लाख ३० हजार टन कार्बन डायऑक्साइड पकडून नॉर्वेच्या समुद्रतळाखाली साठवण्याचा प्रकल्प कंपनीने हाती घेतला आहे, आणि त्यामुळे कापलेल्या ताऱ्यातला काही भाग परत द्यावा, असे मनात आले होते. पण त्यातील मोठ्या हिश्श्याची, कार्बन हटवल्याचे श्रेय देणारी प्रमाणपत्रे मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आहेत, तेव्हा तेवढे टन मायक्रोसॉफ्टच्या वहीत जमा होणार. ओर्स्टेडला ते दुसऱ्यांदा आपल्या खात्यात धरता येणार नाहीत.