नाताळचं रंगवायचं किट : लाकूड झकास, रंग पाणचट

भुसावळच्या आमच्या रेल्वे कॉलनीत नाताळ साऱ्यांचाच, म्हणून यंदा झाडाला टांगायला एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) कोऱ्या चांदण्या, घंटा नि गोळ्यांचं किट मागवलं. कापणी सुरेख, भोकंही बरोबर जागी. पण लेझरने काळपटलेल्या कडा रंग नुसता पितात. त्यांवर २२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा, पांढऱ्या प्रायमरचा एक हात द्या, मग लाल रंग लाल दिसतो.

किटमधले रंग मात्र अगदीच बेकार. पिवळा तर वरणावरचं पाणी! शेवटी बाजारातून फेविक्रिलच्या ॲक्रिलिकच्या बाटल्या आणल्या. आपल्याकडे डिसेंबरात हवा कोरडी, त्यामुळे रंगाचे हात पटापट सुकतात. वार्निश तेवढं दुसऱ्या दिवशी लावा. बर्फाचे ठिपके ब्रशने नको, आगकाडीच्या मागच्या टोकाने द्या, गोल येतात. जाऊबाईंनी एका घंटेवर रांगोळीतली वेल काढली, तीच सगळ्यांत देखणी.

सोनेरी दोरी गाठ मारताच उसवते, सुतळी वापरा. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, "ताई, रंग तर फ्री आहेत." फ्री कसले, किटच्या किमतीतच धरलेले असणार.