तपकीर गल्लीतला ३२० रुपयांचा मल्टीमीटर

मी पुण्यात डबे देते. कर्वेनगर, डहाणूकर कॉलनी, वारजे असे रोजचे ३४. त्यातले निम्म्याहून जास्त कमिन्स कॉलेजच्या आसपास खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलींचे. साडेदहाला गाडी हलली नाही की बारापासून फोन सुरू. हे सांगायचं कारण, मला इलेक्ट्रॉनिक्समधलं काही कळत नाही. किल्ली फिरवल्यावर ज्यांची गाडी 'टक टक टक' करून गप्प बसते, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

ऑगस्टात एका आठवड्यात तीनदा असं झालं. दोनदा वॉचमन आणि इस्त्रीवाल्याने धक्का मारून दिला. तिसऱ्यांदा बॅटरीवाल्याला घरी बोलावलं. त्याने आपल्या टेस्टरचे चिमटे लावले, काटा धपकन खाली. "मॅडम, बॅटरी गेली. जुनी घेऊन साडेपाच हजार." बॅटरी जेमतेम दोन वर्षांची. उद्या सांगते म्हटलं आणि दिराला फोन लावला. तो विजेच्या मोटारी रिवाइंड करतो. "वहिनी, पैसे काढायच्या आधी मीटर लावून बघा," एवढंच म्हणाला.

गरवारेला मेट्रो धरली, सिव्हिल कोर्टला बदलली, मंडईला उतरून चालत विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत. (गाडीने जाऊ नका. गाडी धड चालू असती तरी नेली नसती.) तिसऱ्या दुकानात हा पिवळा मीटर मिळाला. बझरवाला मुद्दाम मागून घ्या, त्याच किमतीत बिनबझरचेही खपवतात. दुकानदाराने न सांगता बॉक्स उघडला, दोन्ही वायरींची टोकं एकमेकांना लावून बझर वाजवून दाखवला आणि दहा अँपियरच्या भोकावर बोट ठेवलं. "ताई, याच्यात लाल वायर कधी घालू नका. आत फ्यूज नाही." खरंच, भोकाशेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत तेच छापलेलं आहे. ती वायर तिथे ठेवून बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलात, तर मीटर म्हणजे बॅटरीच्या दोन खांबांना (टर्मिनलना) जोडणारा वायरीचा सरळ तुकडा, शॉर्टच. मीटर गेला तर ३२० रुपये, बोटं भाजली तर डबे बंद.

वापर सोपा आहे. काळी वायर 'COM' लिहिलेल्या भोकात, लाल व्होल्टच्या भोकात, चकती डीसीच्या २० वर. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी १२.५८ दाखवत होती. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे चार्जिंगला लावा. म्हणजे माझी जवळजवळ भरलेली. पण उभ्या गाडीचे व्होल्ट म्हणजे बसलेल्या माणसाची नाडी, जिना चढवल्याशिवाय दम कळत नाही. तो जिना म्हणजे सेल्फ.

मुलीला किल्लीवर बसवलं. न्यूट्रल, हँडब्रेक, माझी ओढणी घरात. वायरींची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खांबांवरच दाबून धरली, त्यांना पकडून बसलेल्या गाडीच्या वायरीच्या क्लॅम्पवर नाही. "मार सेल्फ!" टक टक टक, डॅशबोर्डचे दिवे मंद, आणि मीटरवर आकडा १२ च्या आसपासच. बॅटरी खरंच मेलेली असती तर तो साडेनऊच्या खाली कोसळला असता. इथे तिच्याकडून कोणी काही घेतच नव्हतं.

मग दिराने सांगितलेली गंमत. एक टोक खांबावर, दुसरं त्याच खांबाला मिठी मारून बसलेल्या क्लॅम्पवर, आणि सेल्फ मारायचा. दोन्ही एकमेकांना चिकटलेले, आकडा शून्याच्या आसपासच हवा. प्लसवर ०.०२. मायनसवर सात, खाली, परत साडेसात. बारातले सात व्होल्ट त्या एवढ्याशा सांध्यातच अडकत होते, सेल्फपर्यंत जाणार काय?

आणि दिसायला कसं, तर प्लसवर निळसर-पांढरी भुकटी फुललेली. आदल्या दिवशी मीच ती खाण्याचा सोडा, गरम पाणी आणि जुन्या टूथब्रशने घासली होती आणि स्वतःवर खूश होते. मायनस स्वच्छ, वर ग्रीस चोपडलेलं. दहा नंबरच्या पान्याने तो क्लॅम्प काढला. आतली बाजू तव्याच्या बुडासारखी काळपट, खांबही निस्तेज. हातमोजे घालून दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासले, घट्ट आवळले, व्हॅसलीन लावलं ते सगळ्यात शेवटी. पहिल्या सेल्फला गाडी चालू. खांबावर १०.६, सांध्यावर ०.०६. इंजिन चालू असताना १४.१, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही ठीक. बॅटरीवाल्याचे चिमटे कुठे लावले होते ते तेव्हा आठवलं: क्लॅम्पवर. त्याला खोटारडा म्हणणार नाही, पण साडेपाच हजार घालवून नवीन बॅटरीला तोच काळा क्लॅम्प बसला असता. अर्थात बसवताना त्याने तो घासला असता, गाडी चालू झाली असती आणि मी बॅटरीच गेली होती असं समजून बसले असते.

आता मीटरची रड. आकडा बदलायला वेळ लावतो, सेल्फ मारताना दोन-तीन सेकंद धरून ठेवावा लागतो. अंधाऱ्या पार्किंगमध्ये पडदा दिसत नाही, मोबाइलचा टॉर्च दातात. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे आतली नऊ व्होल्टची बॅटरी. ती उतरली की मीटर वाढवून सांगतो. जानेवारीत बंद गाडीवर १३.९ दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला. कोपऱ्यातलं बॅटरीचं चिन्ह माझ्या चष्म्यातून दिसलंच नव्हतं. नवीन सेल घातला, १२.५. तेव्हापासून कुठलाही विचित्र आकडा आला की आधी घड्याळाच्या नव्या पेन्सिल सेलवर दीड व्होल्ट दाखवतो का ते बघते.

बंद गाडीत रात्री कोण करंट खातंय हे शोधायचं असेल तर हा घेऊ नका. तिथे ५० मिलिअँपियरच्या आतलं खाणं चालतं, ते नीट मोजायला चांगल्या फ्यूजचा मीटर नाहीतर वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर हवा.

वायरी पाच महिन्यांत मुळाशी तुटल्या. त्याच गल्लीत ८० रुपयांत जाड वायरी मिळाल्या, त्या पहिल्याच दिवशी घेतल्या असत्या तर बरं झालं असतं. पाचपैकी साडेतीन. मीटर सध्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे आहे, रविवारी नेलाय.