६५ इंची टच पॅनेल, १५ महिन्यांनंतर : घेण्याआधी वर्गाच्या खिडक्या बघा

जुलै २०२४ मध्ये आमच्या शाळेत ६५ इंची टच पॅनेल (बोटाने किंवा पेनने लिहिता येणारा मोठा स्क्रीन) बसलं. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी भागातली सहावी ते आठवीची शाळा. पॅनेल लोकवर्गणीतून घेतलं, १ लाख २२ हजारांना. कुणी ५०० दिले, कुणी कांदा विकून आलेल्यातले २ हजार. त्या वर्गणीची वही माझ्याकडे आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. फोर-के, अँड्रॉइड, स्पीकर वगैरे सगळ्याच कंपन्यांचं आता सारखं असतं, त्यात वेळ घालवत नाही.

पहिले चार महिने मी भेटेल त्या शिक्षकाला ‘घ्याच’ म्हणत होते. आठवीला ‘त्रिकोणाचे शिरोलंब व मध्यगा’ शिकवताना दरवर्षी एकच अडचण येते. विशालकोन त्रिकोणाचा शिरोलंबसंपात (तिन्ही शिरोलंब जिथे मिळतात तो बिंदू) त्रिकोणाच्या बाहेर पडतो, हे मुलं पाठ करतात, पण त्यांना ते पटत नाही. फळ्यावर मी जास्तीत जास्त तीन त्रिकोण काढणार. पॅनेलवर जिओजेब्रा या गणिताच्या ॲपमध्ये एका मुलीने शिरोबिंदू बोटाने ओढत नेला. कोन ९० अंशांचा झाला तेव्हा संपातबिंदू नेमका काटकोनाच्या शिरोबिंदूवर आला, आणि आणखी ओढल्यावर बाहेर निघून गेला. मागच्या बाकावरची मुलं उठून पुढे आली. पुढचे दहा मिनिटं मला काही बोलावंच लागलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपली आणि पॅनेल आपोआप लिहायला लागलं. दुपारी अडीच-तीनला स्क्रीनवर रेघा उमटायच्या, ॲप बंद व्हायची, कुणी हात न लावता पान उलटायचं. त्याशिवाय खालच्या बाजूला एका पट्ट्यात पेनची रेघ तुटायची. तक्रार नोंदवली. करारात तीन वर्षांची वॉरंटी आणि जागेवर येऊन दुरुस्ती, असं स्पष्ट लिहिलेलं. माणूस आला एकोणिसाव्या दिवशी, तोही शनिवारी. आमची शनिवारची शाळा सकाळची. पॅनेल अगदी शहाण्यासारखं चाललं. तुटणारी रेघ दाखवली तर म्हणाले, ‘पेनचं टोक झिजलंय.’ कागदावर ‘दोष आढळला नाही’ लिहून ते गेले.

सोमवारी दुपारी पुन्हा तेच.

दुसऱ्या खेपेला दुसरे गृहस्थ आले. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, पांढरं झालेलं बोट मला दाखवलं आणि म्हणाले, ‘मॅडम, ही धूळ आहे. ही ग्राहकाची हयगय धरली जाते. टच फ्रेम बदलावी लागेल, २६,५००.’ शाळेत धूळ असणारच, हे शाळांना पॅनेल विकणाऱ्या कंपनीला सांगावं लागतं, याचा मला फार संताप आला. मी कागदावर सही केली नाही. त्या महिन्यात कुणी विचारलं असतं, तर ‘घेऊ नका’ हेच सांगितलं असतं.

पण शनिवारी चालतं आणि सोमवारी बिघडतं, हे डोक्यातून जाईना. मग आठवीच्या मुलांना घेऊन बसले. अशा पॅनेलच्या काचेला स्पर्श कळतच नाही. चौकटीच्या (म्हणजेच टच फ्रेमच्या) कडांमध्ये अवरक्त किरण सोडणारे बारीक दिवे असतात आणि समोरच्या कडेत ते टिपणारे रिसीव्हर. बोट ठेवलं की किरण अडतात, त्यावरून जागा कळते. डोळ्यांना ते दिवे दिसत नाहीत, पण बऱ्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यात फिकट जांभळे दिसतात. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बघा, तसेच. माझा मोबाइल खालच्या कडेवरून फिरवला तर ओळीत जांभळे ठिपके दिसले, आणि मध्ये वीतभर जागा जवळजवळ काळी. नेमकी तिथेच रेघ तुटत होती. तिथे खडूच्या भुकटीचा थर बसला होता. पॅनेल बसवणाऱ्यांनी ते फळ्याला लागूनच लावलं होतं, त्यामुळे पुसलेला प्रत्येक शब्द त्या कडेवर येऊन पडत होता.

४० रुपयांच्या रंगाच्या मऊ ब्रशने कड झाडली. रेघ जुळली.

आपोआप लिहिण्याचं कारण वेगळं निघालं, आणि ते एका मुलाने शोधलं. तो म्हणाला, ‘बाई, ऊन आलं की होतंय.’ पॅनेल पूर्वेच्या भिंतीवर आहे, शेजारी दक्षिणेची खिडकी. जुलैमध्ये आमच्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावरून जातो, शिवाय पावसाळी ढग. खिडकीतून ऊन आत येत नाही. दिवाळीनंतर तो दक्षिणेकडे कलतो, आणि दुपारी तिरपं ऊन भिंतीला घासून थेट रिसीव्हरवर पडतं. उन्हातही अवरक्त किरण भरपूर असतात. रिसीव्हरचा गोंधळ होतो. सकाळी ऊन त्या बाजूला नसतं, म्हणून शनिवार निर्दोष. खिडकीवर पुठ्ठा धरला, रेघा थांबल्या. काढला, सुरू. मुलांनी हे सहा वेळा करून बघितलं.

जाड कापडाचा पडदा २४० रुपयांत झाला. पॅनेल फळ्यापासून सहा फूट सरकवून घ्यायला गवंड्याने आणि वायरमनने मिळून १,८०० घेतले. २६,५०० वाचले. ते वर्गणीच्या वहीत मी लाल पेनाने लिहून ठेवलं आहे. कंपनीला सगळं फोटोंसह कळवलं, उत्तर नाही.

आता मत काय? पॅनेल चांगलं आहे, पण त्याच्यासोबत गळ्यात मारलेलं अभ्यासक्रमाचं ॲप घेऊ नका. आमचं त्याचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन संपलं, ॲप बंद पडलं, आणि काहीच अडलं नाही. फेटची (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, फुकट आहेत. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प, आणि त्यातली बरीचशी मराठीतही आहेत. घरी उतरवून पेनड्राइव्हवर आणते, वर्गात इंटरनेट लागत नाही. धाराविद्युतच्या पाठाला मुलं त्यावर आधी परिपथ जोडतात, मग खरा सेल आणि बल्ब हातात घेतात. हा क्रम उलटा करून पाहिला, तेव्हा बल्ब न लागण्याचं कारण शोधण्यातच तास गेला.

बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड मात्र पॅनेलवर उपयोगाचे नाहीत. आमच्या पॅनेलला कॅमेराच नाही. कोडखाली छापलेली सहा अक्षरं दीक्षा या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावर टाइप करा, तोच पाठ उघडतो. हे मला पाच महिन्यांनी कळलं.

वीज गेली तर पॅनेल पुन्हा सुरू व्हायला मिनिटभर जातं, इन्व्हर्टर नसेल तर मोठी चिडचिड होते. फळा काढून टाकू नका. पॅनेलवरची पायरी पुढच्या पानावर गेली की मागे राहिलेल्या मुलाला ती दिसत नाही, फळ्यावर ती तास संपेपर्यंत असते.

घेण्याआधी विक्रेत्याला एवढंच विचारा : टच फ्रेममधली धूळ वॉरंटीत धरता का, आणि वर्गात थेट ऊन येत असेल तर काय? उत्तर लेखी घ्या.

यंदाच्या आठवीने जूनपासून दर महिन्याच्या २१ तारखेच्या आसपास, दुपारी तीन वाजता, खिडकीतलं ऊन कुठवर येतं त्याची फरशीवर खडूने खूण करायला घेतली आहे. जून-जुलैत खूणच नव्हती. सप्टेंबरची खिडकीपासून दोन फरशांवर आहे. डिसेंबरची कुठे जाईल यावर वर्गात दोन तट पडले आहेत.