टॉवेल तपासणीच्या टेबलावर बास्लरचा रंगीत कॅमेरा

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. घडी घालण्याआधी प्रत्येक नग तपासणीच्या टेबलावरून जातो. त्या टेबलावर गेल्या दिवाळीनंतर बास्लर या जर्मन कंपनीचा एस टू प्रो (ace 2 Pro) हा कारखान्यातल्या तपासणीसाठीचा कॅमेरा बसवला: ५ मेगापिक्सेल, रंगीत, यूएसबी ३ केबलने कॉम्प्युटरला जोडायचा. सोलापूरचा उन्हाळाही त्याच्यावरून गेला, म्हणून आता लिहितोय.

आधीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा होता, नाव घेत नाही. तेलाचा डाग, तुटलेला धागा तो बरोबर पकडायचा. पण नेव्ही ब्लू आणि पांढऱ्या बारीक रेघांची बॉर्डर आली की पडद्यावर नारिंगी-आकाशी पट्टे उमटायचे आणि सॉफ्टवेअर तो नग ‘शेड फरक’ म्हणून बाजूला काढायचं. एका दुपारी असे दोन गठ्ठे साठले. मी डाईंगवाल्यांना फोन करून बरंच बोललो. आमच्या तपासणीच्या मावशी तीस वर्षं हे काम करतायत. त्यांनी एक टॉवेल खिडकीशी नेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाल्या, “दादा, कापड साफ आहे की. तुमच्या पडद्यालाच रंग लागलाय.”

मावशींचं शब्दशः खरं होतं. रंगीत सेन्सरचा एक पिक्सेल एकच रंग मोजतो. चार पिक्सेलांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा, ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची, पेटंट १९७६ चं. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरतात, त्याला डीबायरिंग म्हणतात. आता आमचा हिशोब बघा. ७५ सेंमी रुंदीचा टॉवेल २४४८ पिक्सेलांत बसवला की एका पिक्सेलच्या वाट्याला ०.३ मिमी कापड येतं. लाल पिक्सेल एक सोडून एक येतो, निळाही तसाच, म्हणजे त्यांचं मोजमाप ०.६ मिमीवर. आमच्या बॉर्डरची निळी-पांढरी जोडी साधारण ०.८ मिमीत संपते. इतकी बारीक रेघ लाल-निळ्याला नीट मोजताच येत नाही. मग अंदाज चुकतो आणि कापडात नसलेला रंग तयार होतो.

बास्लरच्या या कॅमेऱ्यात पीजीआय नावाची सोय आहे आणि मी पैसे दिले ते तिच्यासाठीच. शेजारचे दोन-चार पिक्सेल बघून अंदाज करण्याऐवजी ती ५ बाय ५ चा चौकोन बघते, खोटा रंग दाबते, सोबत नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, कमी करते आणि कडा धारदार करते. हे सगळं कॅमेऱ्याच्या आतल्या चिपवर होतं, त्यामुळे आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर भार पडत नाही. पायलॉन व्ह्यूअर या त्यांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये डीबायरिंगचा साधा मोड आणि पीजीआय असे दोन पर्याय आहेत. तोच टॉवेल, तोच उजेड ठेवून मी पर्याय बदलला आणि नारिंगी पट्टे गेले. रेघा निळ्या आणि पांढऱ्या दिसल्या. मावशींना बोलावून दाखवलं.

घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पिक्सेल फॉरमॅट बेयर ठेवला तर कच्चं चित्र बाहेर येतं आणि पीजीआय लागतच नाही. माझे पहिले दोन दिवस यातच गेले. फॉरमॅट आरजीबी ८ करा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचे तिन्ही रंग भरून चित्र बाहेर येतं. मात्र मग पिक्सेलला एकाऐवजी तीन बाइट लागतात, एक चित्र १५ एमबीचं होतं आणि यूएसबी ३ वरून सेकंदाला पंचवीसच्या आसपासच चित्रं येतात. आमच्याकडे एका नगाला एकच फोटो, त्यामुळे अडलं नाही. रोलिंग मशीनवर धावतं कापड तपासणाऱ्यांनी आधी हा हिशोब मांडावा.

नॉइज रिडक्शन (दाणे कमी करणं) आणि शार्पनेस (कडा धारदार करणं) हे दोन्ही आकडे जपून वाढवा. नॉइज रिडक्शन जास्त केलं की पाईलचे, म्हणजे टॉवेलवर उभ्या राहणाऱ्या धाग्याचे, फंदे पुसट होतात आणि जिथे फंदा नाही ती जागाही झाकली जाते. शार्पनेस जास्त केला की प्रत्येक फंदा दोषासारखा उठून दिसतो. मी दोन्ही खालच्या बाजूला ठेवले आहेत.

उजेडाचं काम मात्र कॅमेरा करणार नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. ३ मिलिसेकंदाच्या एक्स्पोजरला, म्हणजे कॅमेरा उजेड घेतो तेवढ्या वेळात, एक टॉवेल उजळ, पुढचा काळवंडलेला यायचा. डीसीवर चालणारे एलईडी बार लावले, टेबलाला तिन्ही बाजूंनी आडोसा केला, आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा अशी रंगांची जुळवणी, त्याच उजेडात करड्या कार्डावर एकदा करून कायम केला. ऑटोवर ठेवला असता तर मरून टॉवेल आला की पुढचा पांढरा हिरवट दिसला असता. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली कॅमेरा चांगलाच तापतो आणि सेन्सर तापला की अंधाऱ्या रंगात दाणे वाढतात. म्हणून तो जाड अॅल्युमिनियम पट्टीवर बसवून वर छोटा पंखा दिला. नेव्ही ब्लूमध्ये फरक दिसला.

पाच-सहा धुण्यांनंतर रंग उतरेल का, हे हा कॅमेरा सांगत नाही. चादरीलाही एकटा पुरत नाही. दीड मीटर रुंदी एका चित्रात घेतली की पिक्सेलमागे ०.६ मिमी येतं आणि जॅकार्डची, म्हणजे मागावरच विणलेली, बारीक नक्षी हरवते. तिथे दोन कॅमेरे शेजारी लावायचा विचार आहे.

डाईंगवाल्यांकडे मी स्वतः गेलो, जुनं आणि नवं चित्र समोर ठेवलं आणि माफी मागितली. त्यांनी दोन्हींची प्रिंट मागून घेतली. ती आता त्यांच्या शेड कार्डांशेजारी भिंतीवर आहे.