शाळेची तयार प्रथमोपचार पेटी : जखमेला ठीक, तापाला नाही

नागपुरात गांधीबागच्या औषध बाजारात शाळांसाठी म्हणून पांढऱ्या पत्र्याची तयार पेटी मिळते. खरचटलं, सोललं, गुडघा फुटला, एवढ्यापुरती ती चांगली. गॉजचे तुकडे एकेक सीलबंद, क्रेप बँडेज, पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक, बोथट टोकाची कात्री. कात्री खरोखर कापते, हे विशेष.

घोळ औषधांच्या कप्प्यात आहे. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२० मिग्रॅ आणि ५ मिलीत २५० मिग्रॅ अशा दोन ताकदींत येतं. बाटल्या दिसायला सारख्याच, आणि पेटीत कुठली येईल याचा नेम नाही. किलोमागे १५ मिग्रॅ धरलं तर २० किलोच्या मुलाला ३०० मिग्रॅ, म्हणजे २५० वालं ६ मिली. १२० वालं तेवढंच पाजलं तर जेमतेम १४४ मिग्रॅ पोटात जातं, ताप हटत नाही, आणि तासाभरात दुसरं कोणी पुन्हा पाजतं. उलटी गफलत झाली तर दुप्पट डोस. म्हणून एकच ताकद ठेवा, झाकणावर मार्करने आकडा लिहा, आणि घरचा चमचा न वापरता मापाचं झाकण किंवा सिरिंज घ्या. बाटली उघडण्याआधी घरी फोन करून सकाळी काही दिलं होतं का आणि किती वाजता, ते विचारायचंच. दोन डोसांत किमान ४ तास, शक्यतो ६. पेटीत ॲस्पिरिन निघालं तर आधी बाहेर काढा, तापातल्या मुलांना ते चालत नाही.

ओआरएसची पाकिटं एका लिटरची आहेत आणि शाळेत हाताशी असतो पेला. अख्खं पाकीट २०० मिली पाण्यात ढवळलं की क्षार पाचपट होतात, पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. २०० मिलीवाली छोटी पाकिटं वेगळी घ्यावीत.

सोबतच्या पत्रकात घोळणा फुटल्यावर डोकं मागे करायला सांगितलंय. चूक. रक्त घशात उतरतं आणि पोर ओकतं. पुढे वाकवून बसवा, नाकाचा मऊ भाग सलग १० मिनिटं दाबून धरा, मध्येच सोडून बघू नका. मार्च-एप्रिलच्या नागपुरात हे कामी पडतंच.

विदर्भातल्या शाळेला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, विसरून चालत नाही, पेटी बनवणारा मात्र साफ विसरलाय. अशा मुलांची यादी झाकणाच्या आतून चिकटवा. त्यांना वर्गात पाण्याची बाटली आणि लघवीला जायची मुभा हवी, उन्हात पळवायचं नाही. ताप १०१ फॅरनहाइटच्या वर गेला की सिरप देऊन वाट बघू नका, सरळ दवाखाना.

नोंदवही पेटीत नाहीच. दोनशे पानी वही घेऊन रकाने आखा : नाव, वर्ग, औषध आणि ताकद, किती दिलं, किती वाजता, कोणी दिलं, बघणारा कोण. घरून आलेलं औषध मूळ पट्टीत किंवा बाटलीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आणि पालकांची सही असेल तरच घ्यायचं. कागदात गुंडाळलेली सुटी गोळी परत पाठवा.

पेटी टांगायची कुठे? व्हरांड्यात पत्रा तापतो, आणि बहुतेक औषधांच्या वेष्टनावर ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. ऑफिसात कूलरशेजारी टांगली तर दमटपणाने चिकटपट्टीचा डिंक जातो, गोळ्या भुसभुशीत होतात. कूलरपासून लांबची, आतली भिंत बरी.

कुलूप मजबूत आहे, आणि गोळ्यांना ते हवंच. दम्याचा पंप, त्याला जोडायची नळी (स्पेसर) आणि ग्लुकोज मात्र कुलपाबाहेर, वर्गशिक्षिकेच्या टेबलाच्या खणात. किल्ली मोठ्या सरांच्या खिशात आणि सर पंचायत समितीच्या बैठकीला, असा दिवस येतोच.