मशीनमध्ये तिचे वय 18 टाकले, तेव्हाच उठायला हवे होते

मी एका पतसंस्थेत 19 वर्षे रोखपाल आहे. 10 रुपयांची रक्कमही मी व्हाउचरशिवाय घेत नाही आणि देत नाही. हे आधीच सांगते, कारण 17 जून ते 2 ऑगस्ट 2024 या काळात मी माझ्या 15 वर्षांच्या मुलीचे वजन कमी करण्यासाठी एकूण 42,350 रुपये भरले आणि त्यापोटी माझ्याकडे एकही छापील पावती नाही. हे लिहिताना आजही हात थरथरतो. पैसे गेल्याचे दुःख आहेच, पण त्या पैशांच्या बदल्यात मी माझ्या मुलीला रुग्णालयाच्या खाटेपर्यंत नेऊन पोहोचवले, याची लाज अधिक आहे.

मुलीला 13व्या वर्षी हायपोथायरॉईडिझमचे, म्हणजे थायरॉईड ग्रंथी मंदावल्याचे, निदान झाले. तिच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईड ग्रंथीवर उलटली आहे, त्यामुळे तिला रोज 75 मायक्रोग्रॅमची थायरॉक्सिनची गोळी लागते. 2024 च्या एप्रिलमध्ये टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, 3.1 होते, म्हणजे आजार आटोक्यात होता. तरीही उंची 156 सेंटिमीटर आणि वजन 71 किलो, आणि वर्गातल्या मुलींनी ठेवलेले एक नाव, जे मी येथे लिहिणार नाही. तिने आरशासमोर केस विंचरणे सोडून दिले होते. डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी चिठ्ठी लिहिता लिहिता "वजन कमी करा, बाहेरचे खाऊ नका" एवढेच सांगितले. कसे कमी करायचे, किती करायचे, वाढत्या वयात काय करू नये, यावर एक वाक्य नाही. पुढची तपासणी सहा महिन्यांनी. मधल्या सहा महिन्यांत मुलीचे रडणे मी ऐकत होते, डॉक्टर नाही. ज्यांना माझा मूर्खपणा वाटतो त्यांनी ही बाजूही लक्षात घ्यावी.

वजन कमी करून देणारे एक केंद्र माझ्या नणंदेने सुचवले. तिच्या भिशीतल्या तिघी तेथे जात होत्या आणि तिघीही खरोखर बारीक झाल्या होत्या. सकाळी साडेसहाला शेक, टाळ्या, भिंतीवर आधीचे आणि नंतरचे फोटो, हा सगळा प्रकार आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो, त्यामुळे त्याचे वर्णन करत नाही. चालवणाऱ्या बाई अतिशय गोड बोलत. मला वहिनी म्हणत, मुलीला बाळा म्हणत. त्यांच्याकडे वैद्यकीय किंवा आहारशास्त्राची कोणती पदवी आहे, हे मी विचारले नाही. भिंतीवर चौकटीत लावलेले प्रमाणपत्र त्या ज्या कंपनीचा माल विकत तिच्याच 2 दिवसांच्या प्रशिक्षणाचे होते, हे मी वाचले ते ऑगस्टच्या अखेरीस, पैसे मागायला गेले तेव्हा.

आता तो क्षण. पहिल्याच दिवशी 300 रुपये घेऊन मुलीला शरीरातील चरबी मोजणाऱ्या मशीनवर उभे केले. मशीनने वय मागितले. बाईंनी 15 टाकले, मशीनने ते घेतले नाही, तेव्हा त्यांनी 18 टाकले. मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, मॅडमनी माझे वय 18 टाकले." मी तिला डोळ्यांनी गप्प केले. एवढ्या बायकांसमोर उलट बोलणारी मुलगी मला नको होती. मग मशीनने सांगितले की तिच्या शरीराचे वय 41 आहे, आणि त्या आकड्याने माझा ऊर असा दडपला की मी त्याच बैठकीत नोंदणीचे 1,200 रुपये भरले. त्या मशीनचे गणित प्रौढांसाठी केलेले होते, म्हणूनच ते 15 हा आकडा स्वीकारत नव्हते. मुलांचे वजन वय आणि मुलगा की मुलगी हे पाहून वाढीच्या तक्त्यावर मोजायचे असते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 5 ते 18 वयोगटासाठी 2015 साली सुधारित तक्ते काढले आहेत आणि ते कोणत्याही बालरोगतज्ज्ञाकडे मिळतात. हे मला तेव्हा माहीत नव्हते. पण यंत्रात खोटा आकडा भरून येणारे उत्तर खरे नसते, हे रोखपालाला माहीत असायला हवे होते. फसवणूक त्या मिनिटाला उघड झाली होती, माझ्या मुलीने ती बोलूनही दाखवली होती, आणि मी तिलाच गप्प केले. रात्री झोप लागत नाही ती यामुळे.

पुढच्या रकमा तारखांसह देते. 18 जून: पहिले किट, 8,950 रुपये. 8 जुलै: हार्मोन संतुलित करणारे म्हणून दिलेले थेंब आणि हर्बल चहा, 11,400 रुपये. 15 जुलै: पुण्यातील कोणा वरिष्ठ कोचशी मोबाइलवर 22 मिनिटांचे बोलणे, 6,000 रुपये. 2 ऑगस्ट: माझ्या नावाने आयडी, म्हणजे कंपनीच्या विक्रेत्यांत माझीही नोंद, 14,500 रुपये, कारण आयडी घेतला की माल 25 टक्के स्वस्त मिळेल आणि आणखी चार कुटुंबे आणली की आजवरचा सगळा खर्च वसूल होईल, असे सांगितले गेले. सगळे पैसे बाईंच्या आणि त्यांच्या यजमानांच्या खासगी खात्यांवर यूपीआयने गेले. बिल मागितले की "वहिनी, सिस्टीममधून येईल" हे उत्तर ठरलेले. इतर ग्राहक आणलेत तर तुमची किंमत वसूल होईल, असे आमिष दाखवून माल विकण्यास थेट विक्रीच्या, म्हणजे दुकानाशिवाय माणसांमार्फत माल विकण्याच्या, 2021 च्या नियमांनी मनाई आहे. कोणी हे वाक्य उच्चारले की चप्पल घालून बाहेर पडा, पुढचे ऐकूच नका.

पण खरा घात गोळीच्या बाबतीत झाला. थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी घ्यायची, त्यानंतर अर्धा ते एक तास काही खायचे नाही, कॅल्शियम आणि लोह यांच्यापासून 4 तासांचे अंतर ठेवायचे, हे आम्ही 2 वर्षे पाळत होतो. केंद्रात मात्र साडेसहालाच सोयाची प्रथिने, कॅल्शियम आणि लोह घातलेला शेक पोटात जात होता, म्हणजे गोळी घेऊनही ती नीट शोषली जात नव्हती. हे मी बाईंना भीत भीत सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर गोळी हळूहळू सोडवायची आहे." 8 जुलैपासून गोळी एक दिवसाआड झाली आणि 15 जुलैला त्या वरिष्ठ कोचने मोबाइलवर सांगितले की रसायनाची सवय सुटल्याशिवाय ग्रंथी स्वतःहून काम करणार नाही. मी गोळ्यांची बाटली फडताळात वरच्या कप्प्यात ठेवून दिली. कोणी सांगितले तरी हात माझाच होता, ते मी नाकारत नाही. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी एवढे समजून घ्यावे की ही गोळी म्हणजे सवय लावणारे औषध नव्हे. शरीरात जे हार्मोन कमी पडते तेच बाहेरून दिलेले असते, आणि बिघडलेली ग्रंथी गोळी थांबवल्याने जागी होत नाही.

वजन मात्र उतरत होते. 15 ऑगस्टला ते 66.2 झाले. हातात 4.8 किलोची पाटी देऊन तिचा फोटो काढला, टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. मुलीला दिवसातून चार-पाच वेळा शौचाला जावे लागे, त्याला बाई "विषद्रव्ये बाहेर पडतात" म्हणत. त्या चहाच्या पुड्यावर बारीक अक्षरात सोनामुखी लिहिलेले होते. सोनामुखी कशासाठी घेतात हे माझ्या सासूबाईंना विचारले असते तर त्यांनी तत्क्षणी सांगितले असते. आम्ही वजन कमी होणे म्हणत होतो ते बरेचसे जुलाब आणि उपासमार होती. थेंबांच्या बाटलीवर तर घटकच छापलेले नव्हते. हर्बल म्हणून विकल्या जाणाऱ्या बारीक होण्याच्या उत्पादनांत सिब्युट्रामिन हे भूक मारणारे औषध मिसळलेले अनेकदा सापडले आहे. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे ते औषध अमेरिकेच्या बाजारातून 2010 मध्ये काढले गेले आणि त्यानंतर भारतातही त्यावर बंदी आली. माझ्या मुलीच्या बाटलीत काय होते हे मला अद्याप कळलेले नाही.

23 ऑगस्टला शाळेत प्रार्थनेच्या वेळी ती कोसळली. त्याआधीचे 9 दिवस तिला मासिक पाळीचा अतिरक्तस्राव होत होता, तोही मी शुद्धीकरणाच्या खात्यावर टाकला होता. टीएसएच 86, पोटॅशियम 2.9. दोन दिवस सलाइन, रुग्णालयाचे बिल 18,700 आणि तपासण्यांचे 3,460 रुपये. हे वरच्या 42,350 मध्ये धरलेले नाहीत. पोटॅशियम याहून खाली गेले असते तर हृदयाचे ठोके बिघडले असते, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा माझे यजमान बाहेर जाऊन जिन्यात बसले.

आता तक्रारीचे ऐका. पोलीस ठाण्यात अंमलदारांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे: "पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" दुसरे वाक्य: "ही दिवाणी बाब आहे." अर्ज घेतला, पोच द्यायला तीन फेऱ्या लावल्या. अन्नपदार्थांची तक्रार जेथे करायची त्या जिल्ह्याच्या कार्यालयात मी पतसंस्थेतून रजा काढून चार वेळा गेले, प्रत्येक वेळी एसटीने 54 किलोमीटर. एका टेबलाने सांगितले की थेंब हे औषध आहे, शेजारच्या खोलीत जा. शेजारच्या खोलीने सांगितले की त्यावर अन्न परवान्याचा क्रमांक आहे, म्हणजे ते अन्न आहे, परत जा. तो 14 अंकी क्रमांक मी घरी बसून संकेतस्थळावर टाकला तेव्हा तो भलत्याच जिल्ह्यातील एका फरसाण उत्पादकाच्या नावे निघाला. हे छापून घेऊन गेले तर साहेब बैठकीला गेलेले. चौथ्या वेळी साहेब भेटले आणि म्हणाले की उघडलेल्या बाटलीचा नमुना घेता येत नाही, सीलबंद माल आणि त्याचे बिल आणा. ज्या बाईने बिल दिले नाही ही माझी मूळ तक्रार, तिचेच बिल आणायचे! 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यातील कलम 40 प्रमाणे ग्राहकाला स्वतः शुल्क भरून पदार्थ तपासून घेता येतो, हे त्या चार फेऱ्यांत एकाही माणसाने मला सांगितले नाही. ते मला एका वकिलांनी सांगितले. तेथेही अट अशी की तपासणीचा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगायचा. कोणती आई मुलीसाठी पावडर घेताना असे सांगते? लठ्ठपणावर इलाज असल्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास 1954 च्या कायद्याने मनाई आहे, आणि ती जाहिरात आमच्या एसटी स्थानकासमोर 8 फुटी फलकावर उभी होती. त्या कार्यालयातील माणसे त्याच स्थानकावर उतरतात. दोन महिन्यांनी एक पत्र आले, त्यात आपली तक्रार पुढील कार्यवाहीसाठी वर्ग केली आहे असे लिहिले होते. कोठे वर्ग केली, ते लिहिलेले नव्हते.

सध्या मुलगी एका बालहार्मोनतज्ज्ञांकडे जाते. त्यांनी पहिल्या भेटीत वजनकाटा काढलाच नाही. त्यांनी समजावले ते असे की थायरॉईडमुळे वाढणारे वजन बहुधा काही किलोंचेच असते आणि त्यातही मीठ-पाण्याचा वाटा मोठा असतो, म्हणून आधी टीएसएच जागेवर आणायचे, गोळीचे प्रमाण बदलले की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायचे, आणि तोपर्यंत काट्याचा नाद सोडायचा. रोज तासभर अंग हलवणारा खेळ किंवा चालणे. जेवण चुकवायचे नाही. भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक हेच, फक्त घरातल्या सगळ्यांनी तेच खायचे, तिला वेगळे ताट नको. गोड पेये घरात आणायची नाहीत. महिन्याला अर्धा किलो उतरले तरी पुरे. या सल्ल्यासाठी त्यांनी 700 रुपये घेतले आणि पावती दिली. आज टीएसएच 2.8 आहे, वजन 69.8.

जिल्हा ग्राहक आयोगात मी तक्रार दाखल केली आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत असते, त्यामुळे ज्यांचे पैसे असेच गेले त्यांनी लाजेपायी दिवस घालवू नयेत. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करून क्रमांक घ्या. यूपीआयच्या नोंदी, कोचचे आवाजी संदेश, रिकामे डबे, काही टाकू नका. मी थेंबांची बाटली रागाने मोरीत ओतली होती. तळाशी उरलेले दोन चमचे हाच आज माझा पुरावा आहे.

केंद्राची पाटी आता बदलली आहे, जागा आणि बाई त्याच आहेत. त्यांच्या गटावर माझ्या मुलीचा तो फोटो अजून फिरतो आहे. तीनदा लेखी विनंती करूनही त्यांनी तो काढलेला नाही. निळा कुडता, दोन वेण्या, हातात 4.8 किलोची पाटी. तो तुमच्या मोबाइलवर आला, तर त्या दिवशी तिची गोळी बंद होऊन एक महिना झाला होता आणि पुढच्या आठ दिवसांत ती रुग्णालयात होती, हे पाठवणाऱ्याला कळवा.